कोरड्या पिशवीचा वास

सीताफळ घेताना मी आधी सालीवरचे डोळे उघडलेत का बघतो, मग फळ नाकाशी धरतो. धारूरच्या डोंगरातली फळं पूर्वी मी पाटीत घालून एसटी स्टँडवर विकायचो, आता टेम्पो भरून पाठवतो. हे सगळं माझ्या नाकावर उभं राहिलं, असं मी येईल त्याला ऐकवत आलो.

त्यामुळे भाचीने पिशव्या आणल्या तेव्हाही मी पहिली पिशवी नाकाला लावली. भाची शहरातल्या प्रयोगशाळेत असते. पिशवी मक्याच्या स्टार्चची, मातीत जिरणारी, आत लवंगेचं तेल. त्याने फळाला बुरशी धरत नाही म्हणे. मला कसलाच वास आला नाही.

"लवंग कुठाय गं?"

"आतच हाय, मामा. सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ असतो, तोबी स्टार्चपासूनच करतात. बारीक कडं समजा. तेल त्या कड्याच्या पोकळीत धरून ठेवलंय. फळाचा ओलावा लागला, की जरा जरा सुटतं."

"म्हंजे माल दिसत न्हाई, वास येत न्हाई, आन भाव तेवढा दिसतो."

पॅकिंगला आलेल्या बचत गटाच्या बायका हसल्या. मला जोर चढला. मागे एका शहरी व्यापाऱ्याने अशाच जिरणाऱ्या म्हणून दिलेल्या पिशव्या अजून माझ्या बांधावर फडफडतात आणि तो माझा फोन उचलत नाही. त्याचा राग मी बहिणीच्या पोरीवर काढला. भाव पाडला, वर उपकार केल्यासारखं बोललो. तिने ऐकून घेतलं. गटाने पिशव्या घेतल्या तरच तिचं काम पुढे सरकणार होतं, आणि गट माझ्या शब्दाबाहेर नव्हता.

ती गेल्यावर संध्याकाळी क्रेटमधल्या पाल्यावर पाणी मारलं. आम्ही नेहमीच मारतो, पाला ताजा राहतो. हात चालू होता, तसं पिशव्यांवरही मारलं. पत्र्याच्या शेडमध्ये लवंगेचा घमघमाट सुटला. "आता झाली जागी," मी म्हणालो. सकाळी वाळलेल्या पिशव्यांत फळं भरली.

ती फळं देठापाशी बुरशीने काळी पडून बाजारातून परत आली. भाचीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर बोललो. शिकून आली ती मामालाच गंडवायला, म्हणालो. तिच्या आईलाही सोडलं नाही. या पिशव्या पुन्हा शेडमध्ये दिसल्या तर जाळीन, असंही म्हणालो.

तिने एकच विचारलं, "मामा, भरायच्या आधी वास आलता का?"

मी बोलायच्या आत देठं खुडत बसलेली बाई बोलली, "लई आलता की. दादांनी पाणी मारलं तवा. मला वाटलं मसालेभातच शिजतोय."

बायका खळखळून हसल्या. हळूहळू हसू थांबलं, कारण भाची हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं होतं. ज्या वासावर मी खूश झालो, तो फळासाठी राखलेला होता. माझ्या पाण्याने कडी आधीच रिकामी झाली होती.

"चूक माझीच," ती म्हणाली. "कोरड्या ठेवा, असं पिशवीवर छापायला पायजे होतं."

तिने मला सगळ्यांसमोर फाडलं असतं तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. हे जमेना. कान तापले, नजर क्रेटवरून वर येईना. चुकलो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते, "उरल्यात का अजून?"

"तुमी जाळणार व्हता ना?"

मी शेवटच्या तोडणीचे, सगळ्यात चांगले क्रेट पुढे ओढले. "माझी फळं ह्याच्यात भरा," बायकांना म्हणालो. "आन कुणी पाणी मारू नका. मलाबी मारू देऊ नका."

भाचीने नवा गठ्ठा सोडला आणि वरची पिशवी माझ्यापुढे धरली.

"बघा वास घेऊन."

मी पिशवी घेतली, अंगातल्या सदऱ्याला हात कोरडे पुसले आणि पहिलं फळ आत ठेवलं.