अकारविल्हे लावलेली पुस्तकं

मनोहरराव मंगळवारी सकाळी वारले. ठाण्याला, माजिवड्याला, भाच्याच्या घरी. निरोप माझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर आला. मी डोंबिवलीहून निघून पोचलो तोवर त्यांना नेलं होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. आमच्या डोंबिवली पश्चिमेच्या वाचनालयात त्यांनी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला आणि संध्याकाळी वाचनालयाचा चिटणीस, त्यामुळे रोजचे दोन तास आम्ही एकाच टेबलाशी बसत असू. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. इतर वाचनालयांत कथा-कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावतात. मनोहरराव पुस्तकाच्या नावाने लावत, अकारविल्हे. मी नवा असताना कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आपल्याकडे आडनाव वाचलं की माणूस पुढचं वाचत नाही. त्याला वाटतं, कळलं सगळं." मला तेव्हा ही त्यांची एक लहर वाटली होती. सभासद कुरकुर करत, पण पुस्तक शोधता शोधता त्यांच्या हाताला भलतंच काही लागायचं आणि ते घेऊन घरी जायचे. मनोहररावांना नेमकं तेच हवं असायचं.

जनार्दन मास्तरांची कादंबरी अशीच त च्या फळीवर होती. मास्तर खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, 'तिवरांपल्याडचं घर'. एका हेरकथेच्या आणि एका प्रवासवर्णनाच्या मध्ये ते उभं असे आणि महिन्यातून एकदोनदा कोणीतरी ते नेत असे. एकदा एक बाई ते परत करताना मनोहररावांना म्हणाल्या, "आमच्या यांना वाचायला दिलं. दोन दिवस घरात बोलले नाहीत." मनोहरराव त्यावर आठवडाभर खुशीत होते.

मग नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं आली. सगळीकडे अस्मिता हा शब्द ऐकू येऊ लागला... बॅनरवर, भाषणांत, गणपतीच्या मंडपात. मराठीच्या अभिमानाच्या सभेला हॉल भरून वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात नेहमीचेच सात जण असायचे. आमच्या समितीतही सूचना आली, की ज्या त्या समाजाच्या लेखकांना स्वतंत्र कपाट द्यावं, वर ठळक पाटी लावावी. सूचना आणली मास्तरांच्या भाच्याने, हरेशने. हुशार मुलगा, कल्याणच्या कॉलेजात शिकलेला.

"काका, तुमच्या फळीवर आमचा मामा दिसतच नाय," तो मनोहररावांना म्हणाला. "शोधायचा कसा?"

"त मध्ये."

"त्याच्यात तो कोणाचा ते कुठे कळतं?"

"तुमचा आहेच रे तो. पण मीही ते पुस्तक वाचून रडलोय. मला कुठल्या कपाटात ठेवशील?"

लोक हसले. हरेश हसला नाही. "काका, तुम्हाला दारात कोणी विचारत नाय. आम्हाला आधी गाव विचारतात, मग बसायला सांगतात. मग आमचं नाव आम्हीच मोठं का नाय लिहायचं?"

मनोहरराव म्हणाले, "विचारतात ते चूकच आहे. पण जो दारात विचारतो त्याचाच प्रश्न आपण कपाटावर रंगवायचा का?"

ठराव मी लिहिला होता. सन्मान, ओळख, अस्मिता, न्याय हे सगळे शब्द त्यात होते आणि त्यांना नाही म्हणणं कोणालाही शक्य नव्हतं. आज मला वाटतं, ज्या शब्दाला कोणी नाही म्हणूच शकत नाही, त्याने काही सांगणं बंद केलेलं असतं. मनोहरराव तर भाषेबद्दल जुन्या वळणाचेच होते. शब्दही आपल्याला वाचायला दिलेल्या पुस्तकासारखे आहेत, ते म्हणत, आपल्याआधी कितीजणांनी वापरले, आपल्यानंतर कितीजणांना हवेत. त्यांवर आपला शिक्का मारायचा नाही. मतदानाला मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ठराव मंजूर झाल्यावर मात्र कागद माझ्याकडून मागून घेतला, शांतपणे वाचला आणि परत देताना म्हणाले, "मास्तरांचं नाव तीनदा आलंय. पुस्तकात काय आहे ते एकदाही नाही. तू वाचलंयस ना?"

मी "हो" म्हणालो.

मी ते वाचलेलं नव्हतं.

पुस्तकं हलवायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. पंधरा दिवस एकेक पुस्तक फडक्याने पुसून नव्या कपाटांत लावलं आणि महिनाअखेरीला निवृत्त झाले. कपाटाच्या उद्घाटनाला मास्तर प्रमुख पाहुणे होते, नव्या शर्टात, फार आनंदात. तो आनंद खोटा नव्हता, हे मला लिहायलाच हवं. पण पाटी लागल्यापासून कोळीवाड्याबाहेरच्या वाचकांना ते कपाट दुसऱ्या कोणाचं तरी वाटू लागलं आणि कोळीवाड्यातल्या लोकांकडे मास्तरांच्या सहीचं पुस्तक घरीच होतं. दोनेक वर्षांनी मास्तर स्वतः आले, पुस्तक काढून मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. "मला शाली खूप मिळाल्या हो," ते म्हणाले. "पण पूर्वी कोणीतरी वाटेत थांबवून भांडायचं. पुस्तकातल्या बापाला तू असा का केलास म्हणून. आता नाही थांबवत कोणी."

मनोहरराव तेव्हा माजिवड्याला राहायला गेले होते. लग्न केलेलं नव्हतं, भाचा आणि त्याची बायको दिवसभर कामावर. तीन वर्षांत मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो ते, मास्तर काय म्हणाले हे सांगायला. ऐकून ते खूश होतील, निदान 'मी म्हटलं होतं' असं म्हणतील, अशी माझी कल्पना होती. ते खिडकीबाहेर हायवेकडे बघत राहिले.

"हरेशचा राग खरा होता रे," ते म्हणाले. "त्याला उत्तर म्हणून आपण कपाट दिलं. वाचक द्यायला हवा होता."

मग थोड्या वेळाने, चहाचा कप खाली ठेवत, अगदी सहज म्हणाले, "तू वाचलं नव्हतंस. मला तेव्हाही माहीत होतं."

ते रागावलेले नव्हते. घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद त्यांच्याच हातची, त्यांना कळणारच होतं. पण ठरावाच्या रात्री ते सर्वांसमोर म्हणाले असते तर माझा ठराव तिथेच पडला असता, आणि ते म्हणाले नव्हते... निघताना मी त्यांना म्हटलं, वाचतो आणि येतो. "ये," ते म्हणाले. "शेवटाबद्दल बोलू. मास्तरांचं आणि माझं त्यावर कधी जमलं नाही."

त्यानंतर मी चार महिने गेलो नाही. ऑफिसात काम होतं, असं म्हणता येईल.

ते गेल्यानंतरच्या रविवारी मी पुस्तक घरी आणलं आणि दोन दिवसांत वाचून संपवलं. त्यात मासेमारी फारशी नाहीच. बायको गेल्यावर एक बाप आणि एक मुलगा एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच आहे. रागाने नव्हे, सुरुवात कोणी करायची ते ठरत नाही म्हणून. शेवटी मुलगा कारखान्यात नोकरी धरून घर सोडतो. बाप दारात उभा असतो, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत, आणि हाक मारत नाही. हा बाप कोळी आहे हे मला शंभरेक पानांनंतर आठवलंसुद्धा नाही.

बापाने हाक मारायला हवी होती, असं मला वाटतं. मास्तरांना तसं वाटत नव्हतं, ते पुस्तकातच आहे. मनोहररावांना तो शेवट पटत नव्हता, पण त्यांना त्याजागी काय हवं होतं, ते मला माहीत नाही.