भरावावरच्या चुंबळी

माझ्या आईवर आणि तिच्याबरोबर घमेली वाहिलेल्या बायकांवर अन्याय झाला. केव्हा? गेल्या गणपतीत, गौरी आल्या त्या संध्याकाळी, आरतीच्या जरा आधी.

माणगावजवळच्या आमच्या गावातल्या मंडळाचा देखावा होता 'जगातल्या नामवंत गाड्या'. सगळं पुठ्ठ्याचं. इंग्लंडचं पहिलंवहिलं वाफेचं इंजिन, सैबेरियात आठवडाभर धावणारी गाडी, जपानची चोचीवाली बुलेट ट्रेन. मधोमध आपली कोकणची, बोगदा, पूल, मातीच्या भरावासकट. खाली फलक : 'अभियंत्यांची कमाल'.

आई बघायला आली. पुठ्ठ्याच्या भरावापाशी थांबली आणि म्हणाली, "ही माती आपसूक चढली व्हय?"

लग्न होऊन आली त्या वर्षी ती कोकण रेल्वेच्या खऱ्या भरावावर कामाला होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात माती. खालून वर, दिवसभर. गावातल्या कितीतरी बायका होत्या. पहिली गाडी येणार म्हटल्यावर त्या भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन रुळाकडेला उभ्या राहिल्या. नवी नवरी दारात आली की ओवाळून टाकतात, तसा गाडीवरून टाकायचा. गाडी आपल्या दारात थांबणारच, याबद्दल एकीलाही शंका नव्हती. गाडी शिट्टी मारून निघून गेली. भाकरतुकडा हातातच. त्यावरून गावाने त्यांना वर्षानुवर्षं चिडवलं. अजून एखादा म्हातारा विचारतो, काय गं, थांबली का तुमची नवरी?

मी मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे शेजारच्या काकांना, सांगितलं : फलक बदला. उद्या तालुक्याच्या देखावा-स्पर्धेचे परीक्षक येणार, ते हेच वाचून जाणार. काका म्हणाले, "तुझी ती मोर्च्याची पत्रकं एसटी स्टँडवर वाट. इथं बाप्पा बसलाय." वर हसून आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी तर गाडी थांबलीपण नव्हती."

माझ्या ओठांवर आलेलं मी इथे लिहीत नाही. आई मात्र शांतपणे म्हणाली, "थांबली न्हाय, भावजी. पण गेली ती आम्ही टाकलेल्या मातीवरनंच. अजून जाते. खचली का कधी?"

काकांनी टाळ उचलले. आरती सुरू झाली म्हणून सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि तिच्या तीन मैत्रिणी गौरीच्या ठेवणीतल्या साड्या नेसून मांडवात आल्या. प्रत्येकीने जुन्या लुगड्याची चुंबळ वळून आणली होती. चार चुंबळी त्यांनी भरावाच्या पायथ्याशी मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि तिथेच बसल्या. परीक्षक आले, हे काय म्हणून विचारू लागले. काकांनी एकदा चुंबळींकडे बघितलं, एकदा बायकांकडे. मग म्हणाले, "भराव यांनी घातलाय." आणि खडू घेऊन फलकाखाली तेवढंच लिहिलं.

बक्षीस दुसऱ्या मंडळाला गेलं. जाऊ दे. जपानची गाडी कितीही पळो, त्या दिवशी मांडवात सगळ्यात ताठ माझी आई बसली होती.

पण खडू पुसला जातो, आणि 'यांनी' हे कुणाचं नाव नव्हे. तुमच्या गावाजवळून रूळ जातो ना? मग आज घरात विचारा, तिथली माती कुणी वाहिली. आणि यंदाच्या फलकावर त्या बायकांची नावं रंगाने लिहा, अभियंत्यांच्या वर.