तीस सेकंदांचा मान

विश्वासघाताला धैर्य लागतं. मी केला तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, उजव्या अंगठ्याने, डाव्या हातातला चहा न सांडता.

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि आगाशीजवळच्या एका मुलींच्या कबड्डी संघाच्या बाकावर नऊ वर्षं बसतो. माझ्याकडे वही असते. समोरची कोणती मुलगी चढाईला आली की आधी कोणता पाय टाकते, बोनस कुठून घेते, दमली की काय करते, हे सगळं तीत आहे. टाइम आउट तीस सेकंदांचा. तेवढ्यात घामाने निथळणाऱ्या सात मुली माझ्या खुर्चीवर वाकायच्या आणि कप्तान विचारायची, "सर, काय दिसतंय?" स्टाफरूममध्ये हे मला कोणी विचारत नाही. घरी तर नाहीच.

गेल्या वर्षी चंदनसारहून एक तरुण आला. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, बोलायला गोड. त्याने दोन टॅब आणले. एक मैदानाच्या टोकाला स्टँडवर, खेळ टिपायला. दुसरा त्याच्या मांडीवर. नुकतीच झालेली चढाई वायरीशिवाय तिकडून इकडे यायची. संघाच्या बॅनरवर "अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सज्ज" असं छापलं गेलं, पुढाऱ्यांच्या फोटोंच्या बरोब्बर खाली. मुली आता त्याच्यावर वाकू लागल्या. मला त्यांच्या जर्सीवरचे नंबर तेवढे दिसायचे.

तो वाईट असता तर बरं झालं असतं. माझा चहा तोच आणून द्यायचा. "सर, तुमच्या वहीतलं सगळं यात टाकू का?" असंही त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, माझं अक्षर तुला लागणार नाही. माझं अक्षर सुंदर आहे.

टॅबही नेहमी चालायचे नाहीत, हाच काय तो दिलासा. गर्दी वाढली आणि जो तो मोबाइलवरून लाइव्ह दाखवू लागला, की चढाई करणारीचा पाय हवेत राहायचा आणि त्यावर एक गोल फिरत बसायचा.

"सर, नेटवर्कवर लोड आहे."

"वहीवर नाही," मी म्हणायचो.

अंतिम सामन्याच्या दुपारी त्याने माझा हॉटस्पॉट मागितला. माझ्या फोनला तिथे रेंज चांगली होती. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? दिला.

दुसऱ्या डावात, शेवटच्या काही मिनिटांत, आम्ही एका गुणाने मागे होतो. समोरची एक उंच मुलगी आमच्याकडून गुण उपटून नेत होती. माझ्या वहीत तिची दोन पानं होती. टाइम आउट होणार हे दिसत होतं. मी हॉटस्पॉट बंद केला.

शिट्टी वाजली. मुली त्याच्याकडे धावल्या. पडद्यावर गोल.

"एक मिनिट हां," तो म्हणाला.

"दादा, मिनिट कुठनं आनू? तीस सेकंद हायत," कप्तान म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. माझी वही उघडी होती, बोट नेमक्या ओळीवर.

"सर, पाय घ्या ना जरा. पानी तुमच्या खुर्चीखाली हाय."

मी पाय घेतले. ती घटाघटा प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं आणि शेजारणीला म्हणाली, "ती दमलेय. आता बोनसला येनार. तू पाय धरायला जाऊ नको, येऊ दे आत. मी मागनं कंबर धरते."

"आनि सुटली तर?"

"तर मग उद्यापासून तू वही लिही."

सगळ्या हसल्या. माझ्याकडे बघून नव्हे, हे वाईट.

ती उंच मुलगी बोनसलाच आली. दमली की ती बोनस टाळते, असं वहीत होतं. कप्तानने कंबर धरली, पुढच्या चढाईत आम्ही आणखी एक गुण घेतला आणि जिंकलो.

"हा तंत्रज्ञानाचा विजय आहे!" निवेदक माइकवर ओरडला. त्या तरुणाला शाल आणि नारळ मिळाला. तो नारळ घेऊन थेट माझ्याकडे आला. "सर, हा तुमचा."

मला ते झेपलं नाही. "टाइम आउटच्या आधी मी हॉटस्पॉट बंद केला होता," मी म्हणालो. "मुद्दाम."



"शेवटच्या? मग काही नाही हो, सर. स्टँडवरच्या टॅबची बॅटरी मध्यंतरालाच गेली. तेव्हाच मी तुमचं नेट सोडलं. तो गोल तेव्हापासूनच फिरत होता, 'एक मिनिट' मी उगाच म्हणालो."

मी बंद केला तेव्हा माझ्या हॉटस्पॉटला काहीही जोडलेलं नव्हतं.