गिरणीवाल्याचा जुना बेडूक

मुरबाडचा आमचा गिरणीवाला तिशीचा बाप्या, भुवया कायम पिठाने पांढऱ्या. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरूनच बोटं फिरवतो. त्यावर तो एक खेळ खेळतो, अजब प्राणी पकडून पाळायचा. आता त्याचा नवा भाग येतोय. बाकीच्यांना त्यात उडणारे, आग ओकणारे प्राणी हवेत. याला फक्त आपला जुना बेडूक तिकडे न्यायचाय.

“काय कामाचा रे तो?” मी म्हटलं.

“कामाचा नाय, आजोबा. पयला हाय.”

“नाय नेऊ दिला तर?”

त्याने चालती गिरणी बंद केली. “तर मी पन नाय जायाचा. जुन्यातच ऱ्हाईन त्याच्यासंगं.”

बायको गेल्यापासून, आमचं जुनं घर सोडून वाशिंदला पोराच्या नव्या घरी का जात नाय म्हणून सगळे मला टोचतात. या गिरणीवाल्याने आजवर एकदाही विचारलं नाय.