ताईंच्या आईची ओळ

"आंटी, ती लाईन कट ना? कन्फर्म हां?" विंगेत उभी असलेली गाणारी मुलगी विचारत होती आणि तेवढ्यात पडद्याच्या फटीतून मला ताई दिसल्या, दुसऱ्या रांगेत, फोन उंच धरून. पुण्याहून त्यांचे वडील व्हिडिओ कॉलवर बघत होते, तीच एक ओळ ऐकायला. कडेवर माझी लेक रडायच्या बेतात. मी म्हटलं, "हो, कट."

इथल्या आमच्या मराठी मंडळानं जुन्या संगीत नाटकांसारखं नाटक बसवलं होतं. शब्द ताईंचे, चाल माझी. ताई इथे परदेशात, टॅम्पिनीसला, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मी दहावी नापास. मला सूर कागदावर लिहिता येत नाहीत, लेकीला झोपवताना चाल सुचली की "दूध पी गं, डोळे मीट गं" असं काहीही घालून फोनवर गाऊन पाठवायची, आणि ताई ऑफिसला जाताना एमआरटी ट्रेनमध्ये बसून त्यात खरे शब्द भरायच्या. "तुझी चाल मी हलवणार नाही, माझा शब्द तू हलवायचा नाहीस," असं पहिल्याच दिवशी ठरलेलं.

शेवटच्या गाण्यात त्यांनी लिहिलं, 'कडी न लावता निजायची आई'. ताईंची आई अशीच, लेक कधीही येईल म्हणून दाराला कडी लावायची नाही; ती गेली तेव्हा त्या वेळेवर पोचल्या नव्हत्या. ओळ चालीत बसेना. एवढ्या शिकलेल्या बाईला कसं सांगायचं म्हणून मी गप्प राहिले. ऑफिसमुळे तालमींना त्या नसायच्या, मग गाणाऱ्या मुलीला म्हटलं, सोड ती ओळ.

प्रयोगाला टाळ्या खूप पडल्या. त्यात ताईंचा हात हळूच खाली गेला, फोनसकट. बाहेर भेटल्या तर म्हणाल्या, "छान झालं गं. लेकीला आधी खायला घाल." बास. तेव्हापासून मी चाल पाठवते, त्या अंगठा पाठवतात, शब्द येत नाहीत.

ओळ काढण्यामागे भीती होती, पण नुसती भीती नव्हती. त्या ओळीआधी माझी लांब तान होती, लोक टाळ्या देतील अशी. परवा भांडी घासताना तान अर्धी करून गायले तर ओळ सहज बसली. म्हणजे तेव्हाही बसली असती.

आता मंडळ तेच नाटक परत करतंय. ताईंनी कळवलं, "गायलं तसंच ठेवा." ओळ परत घालायची तर ती का काढली ते त्यांना खरं सांगावं लागेल, की टाळ्यांसाठी. मी दोनदा लिफ्टपर्यंत जाऊन परत आले. तुम्ही गेला असता का हो खाली, ताईंकडे?