मधल्या तळ्यावरची बायको

त्याला सगळे रेडिओ म्हणत. डोंगरातली दोन तळी आणि शेवटी घळीतली पायपीट, अशी एका दिवसाची सहल तो घेऊन जायचा आणि सकाळी मिनीबसमध्ये सुरू झालेलं त्याचं तोंड संध्याकाळीच मिटायचं. पहिल्या तळ्याचं पाणी हिरवंगार, त्यामुळे तिथे बोलायला भरपूर. घळ तर एवढी अरुंद, की ती स्वतःच लोकांची बोलती बंद करी. अडायचं ते या दोन्हींच्या मधल्या, दुसऱ्या तळ्यावर. ना रंग, ना झाड. लोक जांभया द्यायचे, आणि जांभई देणारा प्रवासी रेडिओला सहन होत नसे.

म्हणून एका कंटाळवाण्या दुपारी त्याने तिथे आपल्या बायकोला बुडवलं.

“या खडकावरून तिचा पाय घसरला,” एवढं बोलून त्याने डोळे पुसले, आणि सगळ्या बायका मुसमुसू लागल्या. मग काय, दर फेरीला तो तिखटमीठ वाढवत गेला. बायको घरी धडधाकट होती. सहलीच्या प्रवाशांचे जेवणाचे डबे तीच भरायची, आणि तिच्यासाठी ढसाढसा रडून झाल्यावर लोक तिच्याच हातचं चाटूनपुसून खायचे.

त्या दिवशी एक सीट रिकामी राहिली. सहलीच्या ऑफिसातल्या बाईंनी ती परस्पर रेडिओच्या बायकोला देऊन टाकली. ती नवी चप्पल घालून बसमध्ये चढली, तेव्हा रेडिओ माइकमध्ये खोकला. त्यात मागच्या सीटवरून एक जाडजूड मावशी ओरडल्या, “ओळखलंत का? गेल्या वर्षी तुमची गोष्ट ऐकून किती रडले मी! यंदा जाऊबाईंना मुद्दाम आणलंय.”

रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. ही भानगड बायकोला कळली, तर घरात पाऊल टाकायची सोय उरणार नव्हती.

“मधल्या तळ्याकडे दरड कोसळलीय म्हणे,” तो चाचरत म्हणाला.

“कसली दरड? कालच गेलो होतो की,” ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो आरशात बघून हसत होता.

तळ्यावर उतरल्यावर रेडिओ माशांबद्दल बोलत सुटला. तेवढ्यात मावशींनी त्याच्या बायकोला बाजूला घेतलं. ती कोण, हे त्यांनी बसमध्येच विचारून ठेवलं होतं.

“मोठ्या मनाची हो तू,” खडकाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. “पहिली जिथे गेली, तिथे दुसरीने यायचं म्हणजे काय सोपं आहे?”

बायकोने आधी मावशींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मग ती सावकाश जाऊन त्याच खडकावर बसली.

“अहो, सांगा ना ताईंबद्दल,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “माझ्यापासून काय लपवायचं?”

पळायला वाट नव्हती. रेडिओने सवयीने सुरुवात केली. “फार गुणी होती. कधी आवाज चढवला नाही. तिला हे तळं फार आवडायचं. दर रविवारी मी तिला इथे...”

“दर रविवारी?” बायको म्हणाली. “नशीबवान बाई. मी आज पहिल्यांदा बघतेय, तेही सीट रिकामी होती म्हणून.”

हे बोलताना ती हसली नाही. रेडिओला भयंकर लाज वाटली. डबे पोहोचवायला ती रोज पहाटे बसच्या दारापर्यंत यायची आणि तिथूनच परत जायची. ‘चल’ एवढा एक शब्द या बोलघेवड्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

घळीत तो गप्प चालत राहिला. लोक गोंधळले. अरुंद वाटेत बायकोची नवी चप्पल सटकली. त्याने तिचा हात धरला आणि नंतर तो सोडलाच नाही.

मागून मावशींनी जाऊबाईंना हळूच सांगितलं, “पहिलीला सावरता आलं नाही ना, म्हणून बघा कसा जपतोय.”

रेडिओ थांबला. “मावशी, पहिली हीच. बुडाली-बिडाली नाही कुणी. ही घरीच होती. मीच कधी आणलं नाही हिला.”

मावशींचा चेहरा लालेलाल झाला. “म्हणजे गेल्या वर्षी मी फुकट रडले?”

“फुकट कसं, मावशी?” बायको म्हणाली. “माझ्यासाठी एवढं दुसरं कोण रडलंय?”