घरटी एक लाकूड

आमच्याकडे कुणी गेलं की घरटी एक लाकूड जातं. सांगावं लागत नाही. मयताच्या अंगणात माणसं जमू लागतात आणि प्रत्येकाच्या खांद्यावर नाहीतर काखेत एक ओंडका असतो. बांधावरून कोर्टात गेलेली घरं असली तरी लाकूड पोचतं, कारण भांडण जित्या माणसाशी असतं. जो आणत नाही त्याच्याविषयी गावात एवढंच म्हणतात, "तो मयताला आला नाय." मग त्याच्याविषयी आणखी काही बोलायची गरज उरत नाही.

माझं मुरबाडला झेरॉक्सचं दुकान आहे आणि गाव धसईच्या अलीकडे. गावात आत्या एकटीच राहते, वडिलांची थोरली बहीण. ऐंशीच्या घरात आहे, मूलबाळ नाही, नवरा जाऊन जमाना झाला. रविवारी मी तिच्याकडे जाते. ती चहा टाकते, मी मोबाइल उघडते आणि दोघी मिळून जगाला शिव्या देतो. तिला वाचता येत नाही, पण गाझातले व्हिडिओ बघायला वाचता यावं लागत नाही. पांढऱ्या कापडात बांधलेली ती लहान लहान गाठोडी बघून तिने एकदा माझा हात धरला आणि म्हणाली, "बंद कर गो." मी बंद केलं. थोड्या वेळाने तिनेच पुन्हा लावायला सांगितलं.

त्या रविवारी मी तणतणतच गेले होते. युद्ध थांबवा, असा ठराव जगापुढे आला होता. बहुतेक देशांनी हात वर केला आणि आपलं सरकार तटस्थ राहिलं. काय शब्द आहे! कुणी तरी चंदनाच्या पाण्याने धुऊन ठेवल्यासारखा. बाहेरच्या देशात भाषण ठोकायचं झालं की यांना बुद्ध आठवतो. आमच्या घरात तो आजोबांपासून भिंतीवर आहे आणि त्याच्यासमोर खोटं बोलायची आम्हाला अजून लाज वाटते. यांना वाटत नाही.

"तटस्थ म्हंजे काय गो?" आत्याने विचारलं.

"म्हणजे हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. मुकाट बसायचं."

तिने बशीतला चहा संपवला. "म्हंजे मयताला गेला नाय."

"कोण?"

"सरकार." आणि बशी खाली ठेवत, "मंग आपुन जाऊ. लाकूड घेऊन."

तालुक्यात अशा गोष्टींसाठी जमणारे आम्ही दहा-बारा जण. वैशाखऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आमचे पुढारी. निवेदनं देऊन झाली होती. निवेदनांचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, त्यांच्या झेरॉक्स मीच काढते. आत्याचं म्हणणं मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, "लोक हसतील." मग चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "हसू देत."

बाजाराच्या दिवशी आम्ही एसटी स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत चालत गेलो. घोषणा नाहीत, फलक एकच, तोही गुरुजींच्या अक्षरातला: सरकार मयताला आलं नाही, आम्ही आलो. प्रत्येकाकडे एक लाकूड. गुरुजींनी मोडक्या खाटेचा पाय आणला होता, कुणी बाभळीचा ओंडका. आत्याने आपल्या पडवीतलं आंब्याचं फोडलेलं फाकं आणलं होतं.

त्या पडवीतल्या लाकडांविषयी सांगायला हवं. वादळात तिच्या परसातला आंबा पडला तेव्हा तिने तो फोडून घेतला आणि पडवीत रचून ठेवला. चुलीला त्यातली काटकी लावू दिली नाही. ते तिचं स्वतःचं सरण होतं. पोटी कुणी नाही, मरण भर पावसात आलं तर गावातून येणारं लाकूड ओलं असणार, याचा तिने धसका घेतला होता. "जिती असताना धुरात खोकले, मेल्यावर तरी धडधडा जळू दे," असं ती हसत सांगायची. पण दर उन्हाळ्यात एकेक फाकं उन्हात फिरवून परत रचायची. त्यातलं सगळ्यात चांगलं तिने काढलं होतं.

आम्ही कचेरीच्या फाटकात लाकडं आडवी रचली आणि बाजूला बसलो. आतली जीप बाहेर येईना, बाहेरची आत जाईना. बाजाराला आलेली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन गोळा झाली. पोलिसांना वाटलं, आम्ही कुणाचा तरी पुतळा जाळणार. त्यांनी आमच्या पिशव्या रॉकेलसाठी तपासल्या. आत्याच्या पिशवीत पानाचा डबा निघाला.

गाझातल्या मयतांसाठी आलोय, असं गुरुजींनी सांगितलं तसा एक हवालदार हसायला लागला. "आजी, तिकडं जाळत नाहीत, पुरतात. एवढंही ठाऊक नाही आणि आल्यात मोर्चा घेऊन!"

गर्दी हसली. गुरुजी खाली बघू लागले, माझेही कान तापले. खरंच, आमच्यातल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

आत्या म्हणाली, "पुरतात तर पुरू दे. मयताला मोकळ्या हातानं जाऊ का मी? तुज्या गावात जातात का रे?"

हवालदाराचं हसू गेलं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने पुढे येऊन लाकडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. तेवढ्यात फाटकातल्या जीपमधून दुसरे खाकीवाले उतरले. हे जंगल खात्याचे. यांचा प्रश्न वेगळाच होता. लाकूड कुणाचं, कुठून आणलं, वाहतुकीचा पास आहे का?

मी वाद घालायला उठले. पण जिचं लाकूड होतं ती माझ्या आधी बोलली.

"लाकूड माजा हाय," आत्या म्हणाली. आवाजात काय तोरा होता! "घरी आनखी हाय. आख्खा सरण हाय, पडवीभर."

खाटेच्या पायावरून कुणाला काही करता येत नाही. पडवीभर लाकडावरून येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात जंगल खात्याचा टेम्पो उभा होता.

फोन आला तशी मी दुकान उघडं टाकून धावले. अंगणात एक साहेब खुर्चीवर बसले होते. खुर्ची शेजाऱ्यांनी दिली होती. शेजाऱ्यांनी पाणीही दिलं होतं. मी सांगत होते, परसातला आंबा आहे, वादळात पडला, सगळ्या गावाने बघितलंय. साहेब म्हणाले, तसं गावातल्या कुणी तरी सांगू दे. मी मागे वळून बघितलं. कुंपणाला सगळा गाव लागला होता आणि एकाचंही तोंड उघडेना. तो आंबा फोडायला ज्यांनी करवत धरली होती ते आपल्या चपला निरखत होते. यांच्या प्रत्येकाच्या घरातल्या मयताला आत्या लाकूड घेऊन गेली आहे. तटस्थ! दिल्लीपर्यंत कशाला जायचं, आमच्या कुंपणाशीच उभे होते.

साहेब तसे मऊ बोलणारे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, वरून फोन आहे. आजीबाईंनी एवढंच म्हणावं की लाकूड मला न विचारता भाचीने नेलं, ते कशासाठी हे मला माहीत नव्हतं. टेम्पो रिकामा जाईल."

मी आत्याजवळ उकिडवी बसले आणि तिच्या पाया पडून सांगितलं, म्हण एवढं. मला काही होत नाही, माझं दुकान आहे, मी बघून घेईन. तुझं सरण राहील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीला धरून उठली, साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी दिला. माज्या हातानं दिला. पोरा मेली तिकडं, म्हनून दिला. लिवा."

त्यांनी काय लिहिलं देव जाणे. टेम्पो भरून गेला. एकेक फाकं उचललं जाताना ती बघत होती, आणि मला त्या साहेबाच्या, त्या करवतवाल्यांच्या आणि तटस्थ या शब्दाच्या कानाखाली काढावीशी वाटत होती. अजून वाटते. केस उभी राहिली ती मोर्चाची नव्हेच, विनापास लाकडाची. गाझाचा त्यात उल्लेखही नाही. गुरुजी म्हणतात, हीच खरी गंमत. मला गंमत वाटत नाही.

पाऊस लागला. आत्याचं लाकूड खात्याच्या आवारात उघड्यावर पडलं आहे, ताडपत्रीसुद्धा नाही. दुकानात जाताना मला ते रस्त्यावरून दिसतं. फाक्यांवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत. हे मी आत्याला सांगितलेलं नाही. सोडवून आणू, वकील बघते आहे, असं सांगत राहते. ती मान हलवते. या पावसात ती बरीच वाकली, खोकलाही हटत नाही.

परवाच्या रविवारी गेले तर ती रिकाम्या पडवीत घोंगडी पांघरून बसली होती. बाहेर धो धो चालला होता. मी छत्री टेकवली तशी तिने विचारलं, "थांबला का गो?"

"नाही ना. रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे."

"पावसाचा नाय इचारत," ती चिडून म्हणाली. "तिकडचा. ता मारना थांबला का?"

मी मोबाइल बाहेर काढलाच नाही. "नाही, आत्या. नाही थांबलं."

ती रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"मंग आता काय नेयाचा गो?" ती म्हणाली. "माज्याकडं तर काय नाय राहला."